रफ वही जाळू नका, ताई

पत्र : वकीलताई, नमस्कार. मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका झालेली नर्स आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २५ खाटांच्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ४ वर्षांपासून काम करते. रात्रपाळीला मी आणि एक वॉर्डबॉय, एवढेच. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातले दोन रविवार नागपूरहून येतात, बाकी दिवस फोनवर. जाताना कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ३४ वर्षांच्या एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने आणून भरती केलं. तिसऱ्या रात्री तो बेभान झाला. भिंतीवर किडे चालतात म्हणत ओरडायचा, खिडकीच्या काचेवर हात मारायचा. मी आणि वॉर्डबॉयने त्याला चादरीने खाटेला बांधलं. सकाळपर्यंत तसाच होता. मग यवतमाळला मेडिकल कॉलेजमध्ये पाठवला. जीव वाचला, पण उजव्या हाताच्या बोटांत अजून मुंग्या येतात, यंदा कापूस वेचता येत नाही म्हणतात. फाईलमध्ये त्या रात्रीची एक ओळ नाही. माझ्या रफ वहीत मात्र बीपी, नाडी, बांधल्याची वेळ, डॉक्टरांना केलेले तीन फोन, सगळं आहे. आता भावाने फाईलची नक्कल मागितली आहे आणि पंधरा दिवसांत तपासणी येणार आहे. संचालक सर म्हणतात, ‘तीन महिन्यांचं बसून लिहून टाका न मॅडम, पेन दोन-तीन वापरा. कोण पाह्यते?’ रफ वही जाळायला सांगितली. नाही ऐकलं तर नोकरी जाते. घरी सासू अंथरुणाला आहे, दोन लेकरं शिकतात. न लिहिल्याची खरंच शिक्षा होते का? आणि आता लिहिलं तर? (नाव, गाव छापू नये.)

उत्तर :

ताई, आज काहीही लिहू नका. मागची तारीख टाकून तर एक अक्षरही नको. आणि ती वही जाळू नका. एवढं पक्कं झालं की बाकीचं सावकाश बोलता येईल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या माणसाच्या बोटांचं तुम्ही लिहिलं नसतं तरी तुमचा प्रश्न पूर्णच होता. तुम्ही लिहिलंत. म्हणून मीही तुम्हाला जे आहे ते सरळ सांगते, त्यातलं काही ऐकायला जड जाईल.

आधी कायदा कोणता ते. आपल्याकडे कितीतरी केंद्रं म्हणतात की आमचं काही मनोरुग्णालय नाही, आम्ही दारू सोडवतो, हा कायदा आम्हाला लागत नाही. लागतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. अशा माणसाला जिथे भरती करून ठेवलं जातं ती जागा मानसिक आरोग्य आस्थापना ठरते, मग दारावरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. तिची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. तुमच्या केंद्राची आहे का, हे पत्रात नाही. उद्या कामावर गेलात की भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं आहे का ते बघा. नोंदणीच नसेल तर कलम १०७ खाली पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी २ लाखांपर्यंत आणि पुढे दर वेळी २ ते ५ लाख. नोंदणी नाही हे माहीत असून जो मानसिक आरोग्य व्यावसायिक तिथे काम करतो, त्यालाही २५ हजारांपर्यंत दंड आहे.

आता न लिहिलेल्या रात्रीकडे येते.

बांधण्याबद्दल कलम ९७ आहे. त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच शारीरिक बंधन घालता येतं, आणि त्याला उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. बांधलेल्या माणसावर सतत वैद्यकीय देखरेख हवी. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, हे लगेच रुग्णाच्या नोंदीत लिहायचं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. महिन्यातल्या अशा सगळ्या घटनांचा अहवाल रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा. आणि एक वाक्य तुमच्या केंद्राला थेट लागू पडतं : माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून कोणाला बांधता येणार नाही. २५ रुग्णांमागे रात्री एक नर्स ठेवणं हा संचालकांचा निर्णय होता. तो तुमचा नव्हता.

ही नोंद ठेवली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने प्रभारी वैद्यकीय अधिकारी किंवा प्रभारी मानसिक आरोग्य व्यावसायिकावर टाकली आहे. जीएनएम नर्स राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असेल तर या कायद्याच्या व्याख्येत ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ म्हणून बसते, पण ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून काम करायला तिला प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. म्हणजे त्या कोऱ्या पानाचा पहिला जाब डॉक्टर आणि केंद्र यांनाच विचारला जाईल. पण तुमच्यावर काहीच येणार नाही असं मी म्हणणार नाही. कलम १०८ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द आहे : या कायद्याची किंवा त्याखालच्या नियमांची कोणतीही तरतूद मोडली तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा मोडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार ते ५ लाख दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या हातून गुन्हा घडला तर तिचा कारभार सांभाळणाऱ्यालाही कलम १०९ पकडतं. आणि मंडळाने किंवा प्राधिकरणाने दिलेला आदेश केंद्राने पाळलाच नाही, तर कलम ८२ खाली ५ लाखांपर्यंत दंड होतो, बाजू ऐकून घेऊन नोंदणीही रद्द होऊ शकते.

डॉक्टरांचं वेगळं. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते की भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. हे केलं नाही तर तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार मानला जातो आणि वैद्यक परिषद नोंदवहीतून नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढू शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्याच महिन्यात ते स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत. कोऱ्या कागदांवर सह्या ठेवून जाणाऱ्या डॉक्टरांनी हे एकदा नीट वाचावं. त्या सहीच्या वर कोण काय लिहील हे त्यांच्या हातात राहत नाही, आणि जे लिहिलं जाईल त्याचं उत्तर मात्र त्यांनाच द्यावं लागतं.

हे सगळं न लिहिल्याचं. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि इथेच मला तुमचा हात धरून थांबवायचं आहे.

तीन महिन्यांच्या नोंदी एका रात्रीत लिहायच्या, रुग्णाला दर दोन तासांनी पाहिलं असं लिहायचं, डॉक्टरांच्या कोऱ्या सहीवर ‘फोनवर परवानगी दिली’ असं उतरवायचं. हे केलंत की तुम्ही आरोग्यसेवेचा कायदा सोडून भारतीय न्याय संहितेत शिरता. खोटा दस्तऐवज तयार करणं, कलम ३३६ : २ वर्षांपर्यंत कैद, आणि फसवणुकीसाठी केला असेल तर ७ वर्षांपर्यंत. तो खरा म्हणून वापरणं, कलम ३४० : शिक्षा तीच. नोकराने कपटाच्या हेतूने मालकाच्या वह्या, कागद खोटे करणं किंवा नष्ट करणं, कलम ३४४ : ७ वर्षांपर्यंत. न्यायालयात हजर करावा लागू शकतो असा कागद, तो तिथे पोचू नये म्हणून नष्ट करणं, कलम २४१ : ३ वर्षांपर्यंत. आणि या कलमांत पहिलं नाव ज्याच्या हातचं अक्षर त्याचं येतं. संचालकांचं अक्षर कुठेच नसेल. ‘पेन दोन-तीन वापरा’ हे त्यांनी तोंडी सांगितलं आहे, कागदावर तुमचंच अक्षर असणार आहे.

‘कोण पाह्यते?’ या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं. मी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात रुग्णाच्या बाजूने एक प्रकरण चालवलं होतं. गाव आणि रुग्णालय सांगत नाही. फाईल इतकी सुबक होती की मीच खचले. दर चार तासांनी तापमान, बीपी, सही. दुपारी चहा घेता घेता माझ्या सहकारी मुलीने पान उलटलं आणि म्हणाली, ताई, सप्टेंबरला एकतीस तारीख असते का? ३१ सप्टेंबरला रात्री दोन वाजता त्या रुग्णाचा बीपी घेतलेला होता. बीपी अगदी झकास होता. त्या एका ओळीने आधीच्या अकरा दिवसांच्या खऱ्या नोंदीही गेल्या, कारण मग कशावरच कोणाचा विश्वास बसेना. त्यातली सही करणारी सिस्टर साक्षीला आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. ती तुमच्याच वयाची असेल.

तुमच्या बाबतीत तर एवढी चूकही लागणार नाही. यवतमाळच्या मेडिकलने त्याला भरती करताना मनगटावरचे वळ पाहिले असतील आणि पाहिले असतील तर केसपेपरवर लिहिले असतील. तुमचे तीन फोन मोबाईल कंपनीच्या नोंदीत आहेत, किती सेकंद बोलणं झालं तेही. डॉक्टर त्या दिवशी केंद्रात होते असं लिहिलं तर फास्टॅग सांगेल की गाडी नागपूरहून निघालीच नाही. केंद्राला लागून मेडिकल दुकान असेल तर तेही बोलेल : दारू सोडवताना देतात ती क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम ही औषधं अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद लागणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग, आणि ते ३ वर्षं जपावं लागतं. तुम्ही फाईलमध्ये सहा दिवस रोज चार गोळ्या लिहाल आणि रजिस्टरात नऊच गोळ्या निघतील. खऱ्या रात्रीचे पुरावे दहा ठिकाणी आपोआप सांडलेले असतात. खोट्या रात्रीचे ते सगळे जुळवून आणणं कोणाच्याच हातात नसतं.

म्हणून म्हणते, ती रफ वही ही तुमच्या केंद्रातली त्या रात्रीची एकमेव खरी नोंद आहे. ती तुमच्याविरुद्धही बोलेल हे मान्य करा : परवानगी नसताना बांधलं, आणि सकाळपर्यंत सोडलं नाही. पण हेही तीच सांगेल की तुम्ही तीन वेळा फोन केला, नाडी मोजत राहिलात, झोपून गेला नाहीत. ‘रफ’ म्हणून तिला कमी समजू नका. घडत असताना, घडलेल्या जागी, ज्याने पाहिलं त्यानेच लिहिलेलं, याचं वजन न्यायालयात फेअर करून उतरवलेल्या फाईलपेक्षा जास्त असतं. व्हाइटनर लावू नका, खाडाखोड करू नका, एकही पान फाडू नका, सुटलेली जागा आता भरू नका. पानं मोजून ठेवा.

एक माहिती तुम्हाला नर्स म्हणून असेलच, तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या केंद्रातल्या मुलींना कदाचित नसेल. तिसरी रात्र हा योगायोग नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, कंप, घाम, ताप, किडे-साप दिसणं सुरू होऊ शकतं. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो. म्हणूनच भरतीच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची ओळ असते : शेवटचा घोट केव्हा, काय आणि किती. ती वेळ लिहिलेली असती तर तिसऱ्या रात्री डॉक्टर हवेत, निदान औषधाचा डोस ठरलेला हवा, हे भरतीच्या दिवशीच कळलं असतं. थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन दिलं का, ग्लुकोजच्या आधी दिलं का नंतर, हेही तिथेच लिहायचं असतं. पुढचा डॉक्टर तेच शोधतो. नोंद ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. तपासणी पथकापुरतं ते काम असतं असं समजणाऱ्यांनी एकदा रात्रपाळीला बसून पाहावं.

आणि आपल्या भागात ही ओळ मिळणंच अवघड, हे मला माहीत आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिकडून आलेला माणूस कुठली प्याला, मोहाची की हातभट्टीची, किती प्याला, हे सांगताना पोलिसांना भितो. घरचे तर ‘थोडीशी घेतो’ म्हणतात. त्याला सांगा की कलम २३ प्रमाणे तुझी माहिती गुप्त राहते, हा कागद आपण होऊन ठाण्यात जात नाही. हे सांगायलाही आधी कागद असावा लागतो आणि तो कपाटात कुलपात असावा लागतो. कितीतरी केंद्रांत रुग्णांची फाईल कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, फोटोसकट. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे आणि तालुक्याच्या केंद्राला एवढा दंड कोणी लावणार नाही, पण सवय आतापासूनच मोडलेली बरी. तुम्हीसुद्धा त्या वहीचे फोटो भावाला किंवा कोणालाही मोबाईलवर पाठवू नका. हेतू चांगला असला तरी गोपनीयतेचा भंग तो भंगच.

भावाच्या अर्जाचं काय करायचं? फाईल मिळण्याचा हक्क मुळात रुग्णाचा आहे, कलम २५. २०१८ च्या नियमांप्रमाणे लेखी अर्ज आल्यापासून १५ दिवसांत भरतीकाळातल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. भाऊ नामनिर्देशित प्रतिनिधी असेल किंवा रुग्णाने सही करून त्याला अधिकार दिला असेल तर अडवायचं कारण नाही. नसेल तर रुग्णाची सही आणायला सांगायची, एवढंच. ‘फाईल सापडत नाही’ असं तुम्ही तुमच्या तोंडाने सांगू नका. अर्ज प्रभारी डॉक्टरांकडे गेल्याची तारीख मात्र टिपून ठेवा. फाईलमध्ये त्या रात्रीचं पान नाही, तर नाही असंच नक्कलेत जाईल. तो कोरेपणा केंद्राला महाग पडेल. डॉक्टर आणि रुग्णालयाची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे, तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, आणि नोंदच ठेवली नाही म्हटल्यावर आयोग केंद्राविरुद्ध अनुमान काढू शकतो. ते केंद्राने भोगायचं आहे.

भरतीच्या कागदांकडेही बघा. भावाने आणून भरती केलं असं तुम्ही लिहिता. तो माणूस स्वतः तयार होता का? नसेल, तर कलम ८९ ची भरती लागते : एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, त्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत तपासलेलं असावं, आणि पुरुष असेल तर ७ दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत मंडळाला कळवलेलं असावं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर भावाची सही हे त्याला उत्तर नाही. ही गोष्ट तुमच्या रात्रीपेक्षाही मोठी ठरू शकते, आणि तिच्याशी तुमचा काही संबंध नाही, म्हणून ती स्वतःच्या अंगावर घेऊ नका.

आता तुम्ही नेमकं काय करायचं ते.

उद्या किंवा परवा सुट्टी टाकून तालुका न्यायालयात जा. तिथे तालुका विधी सेवा समिती असते, यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. वकिलाला सगळं सांगा, बांधल्याचंसुद्धा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आरोपीला भाग पाडता येत नाही, हा राज्यघटनेतला हक्क आहे, म्हणून तुमचं कुठलंही लेखी निवेदन त्यांना दाखवल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका. मी इथून कायदा सांगू शकते, तुमच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचायला तिथला माणूस हवा.

त्यांनी हो म्हटलं की एक विलंबित नोंद लिहायची. तिची पद्धत साधी आहे. वर आजची तारीख आणि आत्ताची वेळ. मग ‘विलंबित नोंद’ असे शब्द. मग कोणत्या रात्रीबद्दल लिहिता आहात ते, कशावरून लिहिता आहात ते, रफ वहीतलं कोणतं आणि आठवणीतलं कोणतं हे वेगळं करून. खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सही. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ लिहा. उशिरा लिहिणं हा दोष आहे, पण उशीर झाला हे उघड लिहिणाऱ्यावर खोटा दस्तऐवज केल्याचा आरोप टिकत नाही.

वही तुमच्या कपाटात असेल तर ती घरी घेऊन जाण्याचा मोह होईल. ती केंद्राची आणि त्या रुग्णाची आहे, चोरीचा आळ यायला वेळ लागणार नाही. वकिलाच्या सल्ल्याने प्रभारी डॉक्टरांना पत्र द्या : अमुक पानांची वही माझ्याकडे आहे, ती मूळ फाईलला जोडावी, मागील तारखेच्या नोंदी मी करू शकत नाही. एक प्रत स्पीड पोस्टाने, पोच जपून. मग वही द्या, पानांच्या आकड्यासकट लेखी पोच घेऊनच. पोच द्यायला नकार आला तर तपासणीच्या दिवशी पथकासमोर वही ठेवा आणि त्यांच्या टिपणात तिची नोंद करून घ्या. पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि संपर्क केंद्राच्या दर्शनी भागात लावणं केंद्रावर बंधनकारक आहे. लावलेला नसेल तर वकील काढून देतील.

नोकरीचं. खासगी केंद्रातल्या नर्सने खरं बोलल्यावर तिची नोकरी जाणार नाही, अशी हमी देणारा भक्कम कायदा आपल्याकडे नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. सर तुम्हाला काढू शकतात. नेमणूकपत्र, पगाराच्या बँक नोंदी, हजेरीचे फोटो आत्ताच एकत्र ठेवा, म्हणजे थकलेला पगार आणि अनुभवाचं प्रमाणपत्र अडणार नाही. पण हिशेब पूर्ण करा. केंद्र बदलता येतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर बट्टा लागला, किंवा दस्तऐवज खोटे केल्याचा गुन्हा नावावर आला, तर पुढे कोणत्याच दवाखान्यात उभं राहता येणार नाही. सासूबाईंचं औषध आणि लेकरांची फी त्याच नोंदणीवर चालते आहे. आणि रात्री झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलतात. तो क्रमांक तुम्ही रुग्णांना देत असाल, तुमच्यासाठीही तो तेवढाच आहे.

राहिली त्या माणसाची बोटं. चादरीने बराच वेळ आवळून बांधलं की मनगटातला किंवा कोपरातला मज्जातंतू दबू शकतो. तीन महिन्यांनंतरही मुंग्या असतील तर त्याने मेडिकलमध्ये पुन्हा दाखवायला हवं, मज्जातंतूंची तपासणी होते, व्यायाम सांगतात. तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल की हात किती तास बांधलेला होता. भावाला ते माहीत नाही, त्याला स्वतःला शुद्ध नव्हती. बांधल्याची वेळ तुमच्या वहीत आहे. सोडल्याची आहे का ते बघा. नसेल तर त्या विलंबित नोंदीत ती आठवून लिहा, अंदाज असेल तर अंदाज असं लिहून, आणि जी नक्कल भावाला मिळेल तिच्यात ते पान जाईल असं बघा.